पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतंय? थिनरमध्ये केळ्याच्या वासाचं द्रव्य किती आहे ते आधी बघा

"दादा, परत पांढरं पडलं बघा."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामांच्या तोंडून हे वाक्य आलं नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. मामा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमधले पॉलिशचे मिस्त्री. फवारणीची गन हातात धरून त्यांना पंचवीस वर्षं झाली. सागवानी विनियरचा (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) दरवाजा, सीलर, म्हणजे लॅकरखालचा पहिला थर, घासून तुळतुळीत केलेला, वर एनसी लॅकरचा शेवटचा हात, म्हणजे थर, मारला आणि दोन मिनिटांत दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर आला. मार्चमध्ये त्याच कंपनीचं लॅकर, त्याच गननं, त्याच हातानं मारलं होतं तेव्हा आरशासारखं बसलं होतं.

या वेळी बहुतेक जण लॅकरचा डबा बदलतात. मीही दोन पावसाळे तेच केलं, दुकानदाराशी वाद घातला, महागातलं लॅकर आणलं, तेही पांढरं पडलं. मग बी.एस्सी.ला शिकलेलं रसायनशास्त्र बाहेर काढून शांतपणे बसलो, तेव्हा कळलं की लॅकर बिचारं ठीक आहे. थिनरमधलं, म्हणजे लॅकर पातळ करायला घालतात त्या द्रवातलं, कोणतं द्रव्य आधी उडून जातं आणि कोणतं शेवटपर्यंत थांबतं, यावर सगळं अवलंबून आहे. शेवटी थांबायला जे हवं असतं, त्याला पिकल्या केळ्याचा वास येतो.

पांढरं नेमकं काय असतं

एनसी लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या जातीचं सेल्युलोज नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून विरघळण्याजोगं केलेलं. ते पाण्यात विरघळत नाही. ते विरघळतं एस्टर आणि कीटोन जातीच्या द्रव्यांत. बाजारातल्या साध्या थिनरमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅसिटोन असतं, टोल्युइन असतं, थोडं अल्कोहोल असतं. टोल्युइन स्वस्त, पण ते नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाही, नुसतं पातळ करतं.

गनमधून फवारा निघाला की इथाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन झपाट्यानं उडतात. इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंश सेल्सिअसला उकळतं, अ‍ॅसिटोन ५६ ला. द्रव उडताना उष्णता ओढून घेतो. हातावर स्पिरिट लावल्यावर जसं गार लागतं, तसाच फळीचा पृष्ठभाग गार पडतो. आता हवेचा हिशोब बघा. तापमान २६ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर दव पडायला पृष्ठभाग १५ अंशांच्या आसपास उतरावा लागतो. तेवढा तो उतरत नाही. पण त्याच २६ अंशांना आर्द्रता ९० टक्के असेल, तर २४ अंशांनाच दव धरतं. फक्त दोन अंशांचा फरक! गनचा एक हात मारला की तेवढा गारवा सहज होतो. हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं, त्या पाण्यानं नायट्रोसेल्युलोज विरघळलेलं राहत नाही, बारीक कणांनी बाहेर पडतं. मग पाणीही उडून जातं, पण थरात सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तिथं रंग काहीच नसतो. फेस पांढरा दिसतो त्याच कारणानं.

म्हणून पांढरं झालेलं पुसून जात नाही. वरून मेण लावलं, कापडानं घासलं, तरी ते आतच राहतं.

आधी कारण वेगळं करा

पांढरं पडण्याची सगळी उदाहरणं हवेतल्या ओलाव्याचीच नसतात. मी आता नवीन काम घेताना काचेचा तुकडा जवळ ठेवतो, खिडकीच्या काचेचा वीतभर. फळीशेजारी तो उभा करायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी लॅकर मारायचं. काचही पांढरी झाली, तर दोष हवेत किंवा थिनरमध्ये आहे. काच नितळ आणि फळीच पांढरी, तर ओल लाकडात आहे. पावसाळ्यात टिंबर मार्केटमधून आणलेला माल ताडपत्रीखाली भिजलेला असू शकतो, किंवा विनियर चिकटवल्यावर गोंदाचं पाणी सुटायला पुरेसा वेळ दिलेला नसतो. तिथं कसलंही थिनर उपयोगाचं नाही, फळी वाळू द्यावी लागते.

दुसरी तपासणी कॉम्प्रेसरची. गनमधलं लॅकर काढून टाका आणि नुसती हवा मिनिटभर स्वच्छ आरशावर मारा. ओलसर ठिपके दिसले तर टाकीत पाणी साचलंय. खालचा कॉक उघडून रोज सकाळी पाणी काढणं हे काम पावसाळ्यात मी कुणावर सोपवत नाही, स्वतः बघतो. आमच्या टाकीतून जुलैमध्ये एका दिवसात पेलाभर पाणी निघालेलं मी पाहिलंय.

तिसरा प्रकार फसवा असतो. कोरड्या हवेतही, अगदी डिसेंबरात, लॅकर वाळत आल्यावर कापसासारखी झाक येते. दवाचं पांढरेपण लगेच, थर ओला असतानाच दिसतं; हे मात्र शेवटी शेवटी येतं. त्याचं कारण थिनरची मोडतोड. विरघळवणारं द्रव्य आधी उडून गेलं आणि मागे नुसतं टोल्युइन उरलं, तर नायट्रोसेल्युलोज त्यात टिकत नाही, बाहेर पडतं. स्वस्त थिनरमध्ये हे फार घडतं. गंमत अशी की उपाय दोन्हींचा एकच आहे: सगळ्यांत शेवटी जाणारं द्रव्य खरं विरघळवणारं असलं पाहिजे.

केळ्याच्या वासाचं ते द्रव्य

त्याचं नाव आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. दुकानात नुसतं अमाइल अ‍ॅसिटेट म्हणून मिळतं, तेव्हा त्यात त्याच्या एक-दोन भावंडांची भेसळ असते; आपल्या कामाला त्यानं फरक पडत नाही. अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि आयसोअमाइल अल्कोहोल यांना सल्फ्युरिक आम्लाच्या सान्निध्यात तापवलं की हे एस्टर तयार होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही ते केलं होतं. नाक मुरडायला लावणारे दोन वास एकत्र तापवले आणि परीक्षानळीतून केळ्याचा वास आला, तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. पिकत्या केळ्यात हेच द्रव्य आपोआप तयार होतं. केळ्याच्या वासाच्या गोळ्या आणि आईस्क्रीमचा इसेन्स यांतही तेच असतं. शेडवर येणारी गिऱ्हाइकं पावसाळ्यात हटकून विचारतात, "शिकरण केलीय काय ओ?"

आता त्याचे गुण कामाच्या नजरेनं बघू. ते १४२ अंशांना उकळतं. बुटाइल अ‍ॅसिटेट १२६ ला. रंगाच्या धंद्यात उडण्याचा वेग मोजताना बुटाइल अ‍ॅसिटेटला १ धरतात. त्या मापानं इथाइल अ‍ॅसिटेट चौपट वेगानं जातं आणि अमाइल अ‍ॅसिटेट निम्म्याहूनही कमी वेगानं. म्हणजे फळी एकदम गार पडत नाही, हा पहिला फायदा. दुसरा त्याहून मोठा. दव थोडं बसलंच, तरी पाणी उडून गेल्यावर अमाइल अ‍ॅसिटेट थरात शिल्लक असतं. ते नायट्रोसेल्युलोज पुन्हा विरघळवतं, पोकळ्या मिटतात आणि थर नितळ होऊन मग वाळतो. पाण्याशी त्याचं जमतही नाही: १ लिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, तर इथाइल अ‍ॅसिटेट ८० ग्रॅमच्या आसपास. घनता ०.८८ च्या जवळ, म्हणून पाण्यावर तरंगतं.

दुकानात 'रिटार्डर', म्हणजे लॅकरचं वाळणं लांबवायला थिनरमध्ये घालायचं द्रव्य, म्हणून जे मिळतं त्यात हे असेल, बुटाइल अ‍ॅसिटेट असेल किंवा ब्युटाइल सेलोसॉल्व्ह असेल. तिघंही कामाचे आहेत. माझी पसंती अमाइलला, कारण ब्युटाइल सेलोसॉल्व्ह १७१ अंशांचं. थोडं जास्त पडलं की थर दिवसभर बोटाला चिकटतो.

वासावर विसंबू नका

इथं मी स्वतः फसलो आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. एकदा सुट्टा रिटार्डर आणला. झाकण उघडलं की शेडभर केळी. चार दरवाजांना वापरला आणि चारही पांढरे पडले. झालं काय होतं, तर आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा वास नाकाला इतक्या थोड्या प्रमाणातही कळतो की साध्या थिनरच्या डब्यात थोडंसं टाकलं तरी सगळा डबा तेच असल्यासारखा वाटतो. वासावरून ते आहे एवढं समजतं, किती आहे ते समजत नाही.

तेव्हापासून नवीन डब्याच्या तीन परीक्षा घेतो. काचेच्या मोजपात्रात (प्लॅस्टिकचं नको, गढूळ होऊन चिरतं) ५० मिली रिटार्डर आणि ५० मिली पाणी घालून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. अमाइल किंवा बुटाइल अ‍ॅसिटेट असेल तर वरचा थर जवळजवळ ५० लाच राहतो. तो ३५ वर आला, तर उरलेलं अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन होतं, पाण्यात मिसळून गेलं. सगळंच पाण्यात गेलं तर ते ब्युटाइल सेलोसॉल्व्ह असू शकतं, तेव्हा दुकानदाराला आधी विचारा, मग बोला.

पण टोल्युइनही पाण्यावर तरंगतं. म्हणून दुसरी परीक्षा: काचेवर शेजारी शेजारी दोन थेंब, एक नेहमीच्या थिनरचा, एक रिटार्डरचा. रिटार्डरचा थेंब काही पटींनी जास्त वेळ टिकला पाहिजे. तिसरी: काचेवर आधी वाळवून ठेवलेल्या लॅकरवर एक थेंब सोडून काडीनं फिरवा. खरं विरघळवणारं असेल तर लॅकर मऊ पडून काडीला लागतं. टोल्युइनचा थेंब नुसता पसरून उडून जातो. या तिन्हींना मिळून पंधरा मिनिटं लागतात. चार दरवाजे पुन्हा घासायला आम्हाला दोन दिवस लागले होते.

किती घालायचं

आमच्याकडे ४ लिटर थिनरला ३०० मिली, हे सुरुवातीचं माप. काचेवर मारून बघायचं, तरी झाक आली तर ४०० पर्यंत. सहाशेच्या पुढे मी कधी जात नाही. जास्त घातलं की हात लवकर वाळत नाही, उभ्या फळीवर ओघळ येतात, माश्या-चिलटं चिकटतात, आणि दोन दिवसांनी चादरीत गुंडाळलेल्या फळीवर चादरीची वीण उमटते. रिटार्डर घातल्यावर दोन हातांमधलं अंतर दुप्पट ठेवा. मामा घाईत असले की मी शेडमधून हलत नाही, तो एवढ्यासाठी.

हातही पातळ मारायचे. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ बरे, गारवा कमी होतो.

बाकी हवेशी जुळवून घ्यायचं. साधा आर्द्रता मोजायचा काटा भिंतीवर लावा, फार महाग नाही. ८५ टक्क्यांच्या वर काटा असेल तर शेवटचा हात नाही, असा आमचा नियम. पावसाळ्यातही अकरा ते तीनच्या दरम्यान काटा थोडा खाली येतो, शेवटचे हात त्याच वेळात उरकतो. फळ्या रात्रभर फरशीवर पडलेल्या असतील तर सकाळी त्या हवेपेक्षा गार असतात; त्यांना घोडीवर उचलून ठेवून दोन तास जाऊ द्या. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, की गिऱ्हाइकाला सरळ फोन करून चार दिवस मागून घेतो. तेवढ्या पावसात रिटार्डरच्या जोरावर काम रेटणं मला पटत नाही.

पांढरं पडलंच असेल तर

लगेच घासायला घेऊ नका. ऊन पडलं किंवा हवा थोडी कोरडी झाली की निम्मा रिटार्डर आणि निम्मं चांगलं थिनर गनमध्ये घेऊन, लॅकर न घालता, लांबून धुक्यासारखा एक हात मारा. थर ओलसर दिसला की थांबा. पाच-दहा मिनिटांत पांढरेपणा विरतो. विरला नाही तर तासाभरानं पुन्हा एकदा. तरीही राहिला तर तो खालच्या सीलरमध्ये आहे. तिथं काचपेपरनं खाली उतरण्यावाचून मार्ग नाही. आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. थेंबाखाली नितळ झालं आणि वाळल्यावरही नितळ राहिलं, तर वरचाच थर आहे आणि घासायची गरज नाही.

हेअर ड्रायर, हॅलोजन असलं काही ओल्या लॅकरजवळ नेऊ नका. त्याचं कारण पुढे.

वास गोड आहे म्हणून

अमाइल अ‍ॅसिटेटची वाफ २५ अंशांच्या आसपास ठिणगीनं पेट घेऊ शकते. कोल्हापुरात पावसाळ्यातही दुपारी तेवढं तापमान असतं. इथाइल अ‍ॅसिटेट तर शून्याखाली ४ अंशांनाच पेट घेण्याजोगं असतं. वाफ हवेच्या साडेचारपट जड, त्यामुळे ती वर जात नाही, फरशीवर पसरते. पावसाची झड आत येते म्हणून शटर ओढून गन मारणं हे मी अनेक शेडमध्ये बघतो आणि पोटात गोळा येतो. पंखा खालच्या बाजूला, मोटर वाफेच्या वाटेत नको. आमच्या शेडमधलं देवाचं निरांजन आणि उदबत्ती आता ऑफिसच्या खोलीत आहे. मामांना ते आधी रुचलं नव्हतं. मग त्यांना सांगितलं की लॅकरमधलं नायट्रोसेल्युलोज आणि जुन्या सिनेमाची फिल्म यांचा मूळ पदार्थ एकच. १९२९ साली प्रभात कंपनी कोल्हापुरात सुरू झाली, त्या काळची फिल्म याच नायट्रेटची असायची, आणि ती एकदा पेटली की विझवणं किती कठीण, हे मामांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं होतं. तेव्हापासून घासलेली भुकटी आणि गन पुसलेल्या चिंध्या पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात तेच टाकतात.

मास्क कापडी असेल तर वाफेला तो नसल्यासारखाच. कोळशाचं कार्ट्रिज असलेला घ्या. तो चेहऱ्यावर नीट बसलाय का, हे बघायला हेच द्रव्य कामाला येतं. जगभर मास्कच्या चाचणीसाठी ते वापरतात. मास्क घालून उघड्या जागेत उभं राहायचं, दुसऱ्यानं अमाइल अ‍ॅसिटेटचा बोळा कडेकडेनं फिरवायचा, आपण मान वळवायची, बोलायचं. केळ्याचा वास आला तर मास्क गळतोय. दाढी वाढलेली असली की हमखास गळतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत ८ तासांच्या सरासरीला या वाफेची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, आहे. पण बंद शेडमध्ये अर्ध्या तासात नाक सरावतं आणि वास येईनासा होतो, तेव्हा हवा साफ झाली असं समजू नका. डोकं जड झालं, डोळे चुरचुरले की बाहेर या.

आणखी एक गोष्ट, साइटवर काम करणाऱ्यांसाठी. मधमाशी डंख मारते तेव्हा नांगीजवळून जो धोक्याचा इशारा सोडते, त्यातलं एक मुख्य द्रव्य आयसोअमाइल अ‍ॅसिटेटच आहे, हे १९६२ मध्ये संशोधकांनी दाखवलं. एका बंगल्याच्या गच्चीवर आम्ही दरवाजे मांडले आणि पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लोंबत होतं. मी गन चालू करू दिली नाही. सामान परत खाली उतरवलं, बंगल्यातल्या वहिनींना कारण सांगितलं, त्यांनी चहा दिला, काम गॅरेजमध्ये झालं.

आणि हे औद्योगिक द्रव्य मिल्कशेकला, आईस्क्रीमला चुकूनही नको. खाण्याचा इसेन्स वेगळ्या शुद्धतेचा असतो. डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, विशेषतः घरातून काम चालत असेल तर.

उरलेलं कसं ठेवायचं

पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा काचेच्या बाटलीत. थर्माकोल यात विरघळतो, गनच्या काळ्या रबरी वॉशर फुगतात. टेफ्लॉनच्या वॉशर बसवून घ्या. डबा अर्धा रिकामा ठेवून पावसाळाभर उघडझाक केली की आत दमट हवा शिरते. एस्टर ज्या क्रियेनं बनतं ती उलटही चालते: पाणी मिळालं की हळूहळू पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल. म्हणून जुन्या डब्याला केळ्याबरोबर व्हिनेगरचा आंबूस वास यायला लागला, तर निळा लिटमस कागद किंचित ओला करून वाफेवर धरा. लाल झाला तर तो डबा लॅकरला वापरू नका, गन धुवायलाही नको, आतली सुई गंजते. मी आता ४ लिटरचा डबा आणला की त्याच दिवशी ५००-५०० मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठच्या जवळ भरून ठेवतो आणि प्रत्येकीवर तारीख टाकतो. मामा एक बाटली संपल्याशिवाय दुसरी उघडत नाहीत.